कवळीची चमक दोन महिन्यांत जाते तेव्हा दोष कुठे शोधावा

लॅबमधून निघताना काचेसारखी चमकणारी कवळी दोन-तीन महिन्यांत निस्तेज होऊन, जिभेला खरखरीत लागणारी आणि दातांच्या मानेजवळ तपकिरी रेघ धरलेली अशी परत येते, ही तक्रार कवळीचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एकच वाक्य असते: ‘पुन्हा पॉलिश करून द्यावी.’ आपण ती पुन्हा बफवर (फिरत्या कापडी चाकावर) धरतो, पुन्हा चमक येते आणि काही आठवड्यांनी तीच कवळी त्याच अवस्थेत पुन्हा समोर येते. या चक्रात रुग्णाचे हेलपाटे होतात, डॉक्टरांचा विश्वास कमी होतो आणि प्रत्येक वेळी कवळीचा एक पातळ थर झिजतो. अनेक वर्षे फिनिशिंगच्या टेबलावर काम केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की चमक आणि गुळगुळीतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परत आलेल्या बहुतेक कवळ्यांना चमक दिलेली असते, पण त्या गुळगुळीत केलेल्या नसतात. बफवर जो दोष दिसतो त्याचे मूळ अनेकदा सँडपेपरमध्ये, अ‍ॅक्रिलायझरमध्ये (कवळी शिजवण्याच्या गरम पाण्याच्या यंत्रात) किंवा थेट मेणाच्या कामात (कवळीच्या आधी घडवलेल्या मेणाच्या नमुन्यात) असते.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा 0.2 मायक्रोमीटरच्या खाली गेला की त्यापुढे तो आणखी कमी केल्याने जंतूंचे चिकटणे फारसे घटत नाही, आणि त्याच्या वर गेला की जंतूंचा थर साचण्याचे प्रमाण वाढू लागते, असे दंतसाहित्याच्या अभ्यासात साधारणपणे मानले जाते. टंगस्टन कार्बाइड बरने (कापणाऱ्या फिरत्या टोकाने) कापून तसाच सोडलेला अ‍ॅक्रिलिकचा (कवळीच्या प्लास्टिकचा) पृष्ठभाग या मर्यादेच्या कितीतरी पट खडबडीत असतो. त्या खाचांमध्ये कॅन्डिडा बुरशी टिकून राहते आणि कवळीखालची टाळू लालभडक होऊन दाह सुरू होतो. कवळी वापरणारी माणसे बहुतेक वयस्कर असतात, त्यांतील अनेकांना मधुमेह असतो आणि तोंड कोरडे पडलेले असते, त्यामुळे त्यांच्या तोंडातील एक खरखरीत कोपरा ही क्षुल्लक बाब ठरत नाही.

आधी तपासणी, मग मोटर

परत आलेली कवळी हातात घेतल्याबरोबर लेथ (बफ फिरवणारी मोटर) सुरू करण्याची सवय सोडावी. कवळी प्रथम निर्जंतुक करावी, मग साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने कोमट पाण्यात घासून धुवावी, आणि टिपून पूर्ण कोरडी करावी. ओले अ‍ॅक्रिलिक नेहमी चकचकीत दिसते, कारण पाण्याचा पातळ थर ओरखडे भरून काढतो. म्हणून ओल्या कवळीवरून पॉलिशचा निर्णय कधीही घेऊ नये. कोरडी कवळी खिडकीजवळ किंवा एकाच दिव्याखाली तिरकी धरावी आणि हळूहळू फिरवावी. डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात जे दिसत नाही, ते तिरक्या उजेडात लगेच उघडे पडते. शक्य असल्यास भिंग वापरावे.

हीच तपासणी नव्या कवळीवर, ती लॅबमधून निघण्यापूर्वी करावी, असा माझा आग्रह आहे. पॉलिशच्या वडीमध्ये बारीक अपघर्षकाबरोबर मेणकट, तेलकट द्रव्य असते. बफ फिरताना ते द्रव्य ओरखड्यांमध्ये जाऊन बसते आणि पृष्ठभाग सपाट असल्याचा भास होतो. साबणाने घासल्यावर ते निघून जाते आणि खालचे ओरखडे जसेच्या तसे दिसतात. आपण ही परीक्षा टेबलावर घेतली नाही, तर लाळ, जेवण आणि रोजचे धुणे ती परीक्षा रुग्णाच्या तोंडात घेतात. साबणाने धुतल्यावर चमक कायम राहिली तर ती पृष्ठभागाची चमक. उतरली तर ती पॉलिशच्या मेणाची होती.

तपासणीत काय दिसते त्यावरून पुढचा मार्ग ठरतो. समांतर रेघा, गोल बारीक खड्डे, पांढुरका धुरकटपणा, लहरी उठलेला पृष्ठभाग आणि एकाच पट्ट्यात मर्यादित असलेला निस्तेजपणा या पाच खुणांची कारणे वेगळी आहेत. त्या सगळ्यांवर एकच उपाय म्हणून जास्त वेळ बफ करणे हे चुकीचे आहे, आणि खड्ड्यांच्या बाबतीत तर त्याने नुकसान वाढते.

समांतर रेघा आणि ओरखडे

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. फिनिशिंगमध्ये प्रत्येक पायरीचे काम एकच असते: आधीच्या पायरीने पाडलेले ओरखडे पूर्ण काढून त्या जागी स्वतःचे अधिक उथळ ओरखडे सोडणे. कार्बाइड बरनंतर स्टोन किंवा ट्रिमर, त्यानंतर मँड्रेलवरचा (मोटरच्या दांडीवर बसवलेला) 120 नंबरचा सँडपेपर, मग 220, 400, शक्य तेथे 600, त्यानंतर ओला प्युमिस (घासणारी दगडाची पूड) आणि शेवटी कोरड्या मऊ बफवर अंतिम पॉलिश, हा क्रम सर्वांना माहीत आहे. प्रत्यक्षात मात्र कामाच्या गर्दीत 120 नंतर थेट प्युमिस लावला जातो, कारण प्युमिस सगळे झाकून नेईल असा समज असतो. प्युमिसचे कण 120 नंबरच्या कागदाने पाडलेल्या खोल चऱ्या काढू शकत नाहीत. ते त्या चऱ्यांच्या धारा गोलसर करतात. गोल झालेल्या धारांवरून प्रकाश नीट परावर्तित होतो, म्हणून कवळी चमकते, पण चरी तळाशी तशीच राहते आणि तिच्यात चहाचा, पानाचा, तंबाखूचा रंग साचू लागतो.

यासाठी दोन सवयी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे प्रत्येक नंबर बदलताना घासण्याची दिशा काटकोनात बदलणे. म्हणजे आधीचा ओरखडा आडवा उठून दिसतो आणि तो गेला की नाही हे सांगता येते. दुसरी सवय साध्या शिसपेन्सिलीची आहे. नवा कागद लावण्यापूर्वी पृष्ठभागावर पेन्सिलीची हलकी जाळी काढावी. घासून झाल्यावर जिथे करडी रेघ उरते तिथे खोल चर शिल्लक आहे. नव्याने शिकणाऱ्या मुलांना ‘अजून घास’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा ही जाळी अधिक चांगले शिकवते. पेन्सिलीची उरलेली खूण पुढच्या पायरीपूर्वी साबणाने धुऊन काढावी.

ओरखडे राहण्याच्या जागा ठरलेल्या असतात: टाळूच्या मागच्या बाजूचा खोलगट भाग, फ्रीनमच्या (ओठ आणि गाल हिरडीला जोडणाऱ्या पडद्याच्या) खाचा, दोन दातांमधील फटी आणि खालच्या कवळीची जिभेकडील बाजू. तिथे कापडी बफ पोहोचत नाही. खाचांसाठी अरुंद ब्रश व्हील आणि टोकदार फेल्ट कोन लागतात, आणि दातांच्या मानेजवळ काम करताना दातांवर चिकटपट्टी लावून घ्यावी, नाहीतर प्युमिस अ‍ॅक्रिलिकच्या दातांचा आकार पुसून टाकतो. मला स्वतःला अधिक योग्य वाटणारा मार्ग असा की या जागा मेणाच्या कामातच इतक्या स्वच्छ कराव्यात की तिथे बर लावण्याची वेळच येऊ नये. मेणावरचा प्रत्येक ओरखडा प्लास्टरमध्ये उतरतो आणि प्लास्टरमधला अ‍ॅक्रिलिकमध्ये. मेणाला ज्योतीचा हलका स्पर्श देऊन ओल्या कापसाने पुसण्यात गेलेली दहा मिनिटे फिनिशिंगचा कितीतरी अधिक वेळ वाचवतात.

आमच्या लॅबमध्ये एकदा क्रम पूर्ण पाळूनही तुरळक, खोल, वळणदार ओरखडे पडू लागले. ते काही कवळ्यांवर येत आणि काहींवर येत नसत, आणि येत ते नेहमी अंतिम टप्प्यात. सँडपेपर बदलला, प्युमिसची पिशवी बदलली, बफ नवे आणले, तरी फरक पडला नाही. शेवटी प्युमिसच्या ट्रेमधला गाळ पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात सँडपेपरचे काळे कण, स्टोनचा चुरा आणि डीफ्लास्किंगच्या (कवळी साच्यातून बाहेर काढतानाच्या) प्लास्टरचे तुकडे सापडले. मायक्रोमोटरचे (बर फिरवणाऱ्या हातातल्या मोटरचे) काम लेथच्या शेजारीच होत होते आणि त्याची धूळ उघड्या ट्रेमध्ये पडत होती. जाड कणांचे काम आणि बारीक कणांचे काम यांची टेबले त्या दिवशी आम्ही वेगळी केली, ट्रेवर झाकण आणले, आणि प्रत्येक बफवर तो कशासाठी आहे हे मार्करने लिहिले. प्युमिसला वापरलेला बफ धुऊनसुद्धा अंतिम पॉलिशसाठी घ्यायचा नाही, हा नियम तेव्हापासून कायम आहे.

ट्रेचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. रुग्णाच्या तोंडातून आलेली कवळी ज्या ओल्या प्युमिसमध्ये पॉलिश होते, त्याच प्युमिसमध्ये नंतर नवी कवळी गेली, तर एका रुग्णाच्या तोंडातले जंतू दुसऱ्याच्या तोंडात जाण्याचा मार्ग आपणच मोकळा करतो. दुरुस्तीच्या कामासाठी वेगळा ट्रे आणि वेगळे बफ ठेवावेत, प्युमिस रोज टाकून द्यावा, शक्यतो प्रत्येक कवळीसाठी ताजा थोडासा कालवावा, आणि बफ उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून घ्यावेत. प्युमिस स्वस्त असतो. तो वाचवण्यात काहीही अर्थ नाही.

खड्डे आणि पांढरे ठिपके

पॉलिशनंतर कवळीवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर सुईच्या टोकाने एक ठिपका टोकरून पाहावा. पांढरी भुकटी निघून खाली खड्डा दिसला, तर तो ठिपका खड्ड्यात अडकलेला प्युमिस आहे आणि मूळ दोष अ‍ॅक्रिलिकमधील सच्छिद्रतेचा आहे. अशी कवळी जितकी घासावी तितकी नवी छिद्रे उघडी पडतात. इथे पॉलिश थांबवणे हाच पहिला उपाय आहे.

छिद्रे कुठे आहेत ते पाहिले की कारण कळते. खालच्या कवळीच्या जिभेकडील जाड भागात किंवा वरच्या कवळीच्या मागच्या जाड कोपऱ्यात गोलसर छिद्रे असतील, तर मोनोमर (अ‍ॅक्रिलिकचे लिक्विड) उकळला आहे. या मोनोमरचा, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटचा, उत्कलनबिंदू सुमारे 100.3 अंश सेल्सिअस आहे. घट्ट होण्याच्या प्रक्रियेत स्वतःची उष्णता निर्माण होते आणि जाड भागातून ती बाहेर पडायला वेळ लागतो, कारण अ‍ॅक्रिलिक उष्णतेचे वाहक म्हणून फार कमी प्रतीचे आहे. अ‍ॅक्रिलायझरचे पाणी घाईने उकळीला नेले, तर आतल्या कणकेचे (पावडर आणि लिक्विडच्या मऊ मिश्रणाचे) तापमान या बिंदूच्या वर जाते आणि मोनोमरची वाफ बुडबुडे करून अडकते. 74 अंशांवर सुमारे दीड तास आणि त्यानंतर 100 अंशांवर एक तास, किंवा 74 अंशांवरच आठ-नऊ तास, ही चक्रे जुनी आहेत आणि ती याच कारणाने ठरलेली आहेत. वापरत असलेल्या साहित्याच्या उत्पादकाने वेगळे चक्र दिले असेल तर ते पाळावे.

छिद्रे वेडीवाकडी आणि सर्व कवळीभर पसरलेली असतील, तर फ्लास्कमध्ये (साच्याच्या पेटीत) माल कमी भरला होता किंवा दाब अपुरा होता, अशी शंका घ्यावी. ट्रायल क्लोजरमध्ये (फ्लास्क चाचणीपुरता दाबून पाहताना) चारी बाजूंनी फ्लॅश (जादा माल) निघाली होती का, हे त्या वेळीच पाहायला हवे. पातळ कडा पांढुरक्या, रवाळ आणि साखरेसारख्या दिसत असतील, तर मिश्रण कोरडे होते. पावडर आणि लिक्विड यांचे प्रमाण आकारमानाने साधारण 3:1 असते. ते अंदाजाने ओतले, किंवा बरणीचे झाकण उघडे राहून मोनोमर उडाला, की हा रवाळपणा येतो.

आपल्याकडच्या हवामानाचा इथे मोठा वाटा आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत त्याचा विचार नसतो. विदर्भात मे महिन्यात खोलीचे तापमान 40 अंशांच्या वर असते, तेव्हा कणीक काही मिनिटांत रबरासारखी होते आणि त्यानंतर केलेल्या पॅकिंगमध्ये (साच्यात भरताना) ती नीट दबत नाही. काही जण यावर उपाय म्हणून बरणी फ्रिजमध्ये ठेवतात. त्याने वेळ निश्चित वाढतो, पण गार बरणी दमट हवेत उघडली की आत दव धरते आणि ते पाणी कणकेत मिसळते. कोकणात आणि पावसाळ्यात सर्वत्र हा धोका जास्त असतो. बरणी घट्ट झाकणाची असावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. त्याहून बरे म्हणजे उन्हाळ्यात पॅकिंग सकाळी लवकर उरकावे.

वीज जाण्याचाही उल्लेख करायला हवा. रात्रभराचे चक्र लावून लॅब बंद केली आणि मध्ये दोन तास वीज गेली, तर सकाळी अ‍ॅक्रिलायझरचा टायमर शून्यावर दिसतो, पण कवळीला हवी ती उष्णता मिळालेली नसते. अशा अर्धवट शिजलेल्या कवळीत उरलेला मोनोमर जास्त असतो, पृष्ठभाग मऊ राहतो, पॉलिश होताना तो कापला जाण्याऐवजी ओढला जातो आणि चमक आली तरी टिकत नाही. शिवाय उरलेला मोनोमर हिरड्यांना त्रास देतो. पाण्यात सर्वाधिक तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर ठेवला, तर पारा कुठवर चढला याची निदान खूण मिळते. शंका असेल तर कवळी फ्लास्कमध्येच ठेवून 100 अंशांचा तास पुन्हा द्यावा.

फ्लास्क गरम असताना थंड पाण्यात बुडवू नये. टेबलावर अर्धा तास निवू द्यावा आणि मग पाणी वापरावे. घाईने थंड केलेल्या कवळीत ताण अडकून राहतात. त्यांचे परिणाम पुढे दिसतात.

धुरकटपणा आणि जाळीसारख्या तडा

खड्डे नाहीत, रेघा नाहीत, पण पृष्ठभागावर दुधाळ पडदा आहे, अशी कवळी आली तर तीन ठिकाणी पाहावे. कोल्ड मोल्ड सीलचा (प्लास्टरच्या साच्याला आतून लावायच्या लेपाचा) थर तुटला असेल किंवा प्लास्टर ओले असतानाच पॅकिंग केले असेल, तर प्लास्टरमधले पाणी अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागात शिरते आणि पांढुरका थर तयार होतो. तो थर सहसा उथळ असतो आणि 220 पासून पुन्हा क्रमाने आल्यास निघतो. डीवॅक्सिंगनंतर (साच्यातले मेण वितळवून काढल्यावर) मेणाचा अंश राहिला असेल तर सील तिथे धरत नाही, म्हणून उकळते स्वच्छ पाणी शेवटी एकदा ओतणे आवश्यक आहे, आणि सील साचा गरम असताना लावून दातांवर मात्र लागू देऊ नये.

तिसरे कारण आपल्या हातातले आहे आणि मला त्याची सर्वांत जास्त खंत वाटते. पॉलिशचा मेणकट अंश पटकन काढण्यासाठी कवळी स्पिरिटने पुसण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. काही जण त्याही पुढे जाऊन मोनोमरचा बोळा पृष्ठभागावर फिरवतात, कारण त्याने क्षणात चमक येते. अल्कोहोल आणि मोनोमर दोन्ही अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागावर हल्ला करतात. आत ताण अडकलेले असतील तर त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या सूक्ष्म तडा उमटतात, आणि त्या दिसल्या नाहीत तरी पृष्ठभागाचा थर मऊ पडतो. मोनोमरने मिळालेली चमक म्हणजे विरघळून पसरलेला थर असतो. त्याखालचे ओरखडे गेलेले नसतात. साबण आणि कोमट पाणी यांखेरीज पॉलिशनंतर काहीही वापरण्याची गरज नाही. या तडा एकदा पडल्या की पॉलिशने त्या दुरुस्त होत नाहीत, आणि कवळी तिथूनच मोडण्याचा संभव असतो, हे डॉक्टरांना स्पष्ट कळवावे.

लहरी उठलेला पृष्ठभाग

तिरक्या उजेडात पृष्ठभाग चमकतो पण त्यावरचे प्रतिबिंब थरथरल्यासारखे दिसते, तेव्हा अ‍ॅक्रिलिक पॉलिश करताना तापून मऊ झाले होते असे समजावे. हीट क्युअर (उष्णता देऊन घट्ट केलेले) अ‍ॅक्रिलिक साधारण 100 अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते आणि कोल्ड क्युअर (तशी उष्णता न देता घट्ट होणारे) त्याआधीच. हे तापमान फार दूरचे नाही. 10 सेंटिमीटर व्यासाचा बफ मिनिटाला 1,400 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कडा मिनिटाला सुमारे 440 मीटर वेगाने कवळीवरून जाते. 2,800 फेऱ्यांवर हा वेग 880 मीटर होतो. अ‍ॅक्रिलिक उष्णता वाहून नेत नसल्याने सगळी उष्णता घर्षणाच्या जागीच साचते. म्हणून प्युमिस नेहमी चिखलासारखा ओला असावा, तो कवळीवर वारंवार लावावा, लेथ कमी वेगावर ठेवावा, आणि कवळी सतत फिरती ठेवावी. अंतिम कोरड्या पॉलिशला दाब अगदी हलका हवा. बोटाला कवळी कोमट लागली की थांबावे, हे माप पुरेसे आहे.

या दोषाचा खरा फटका चमकेला बसत नाही, बसवणुकीला बसतो. तापल्यावर आत अडकलेले ताण सुटतात आणि टाळूचा मागचा भाग किंचित उचलला जातो. मग कवळी तोंडात डुगडुगते आणि डॉक्टर माप पुन्हा घेतात. माप चांगले होते आणि पॅकिंग चांगले होते, तरी शेवटच्या पाच मिनिटांत काम बिघडलेले असते. परत आलेली कवळी जुन्या कास्टवर (मापावरून केलेल्या तोंडाच्या प्लास्टरच्या नमुन्यावर) बसवून पाहता आली तर हा फरक लगेच दिसतो, म्हणून निदान काही आठवडे कास्ट जपून ठेवावा.

एकाच पट्ट्यात निस्तेज

मोडलेली कवळी कोल्ड क्युअरने जोडली असेल, तर जोडाची जागा भोवतालच्या भागापेक्षा लवकर निस्तेज होते. कोल्ड क्युअरमध्ये उरलेला मोनोमर जास्त, कठीणपणा कमी आणि हवेचे बुडबुडे अधिक असतात. एकाच दाबाने बफ फिरवला तर तो भाग जास्त झिजून उथळ चर तयार होते आणि त्यात अन्न साचते. दुरुस्ती उघड्यावर सुकवण्याऐवजी प्रेशर पॉटमध्ये कोमट पाण्यात केली तर बुडबुडे खूपच कमी होतात, आणि जोडावर माल किंचित उंच ठेवून सँडपेपरने, कठीण आधारावर, सपाट आणावा. मऊ बफने उंचवटा काढायला जाऊ नये.

नायलॉनच्या लवचिक कवळ्यांचे शास्त्र वेगळे आहे. नायलॉन कापले जात नाही, ओढले जाते. बरच्या कडेला तंतू उठतात आणि वेग वाढवला की ते वितळून पुन्हा चिकटतात. तिथे धारदार बर, कमी वेग, रबर व्हील, आणि उठलेले तंतू ब्लेडने आडवे कापणे, हा क्रम लागतो. तरीही नायलॉनचा पृष्ठभाग चांगल्या पॉलिश केलेल्या हीट क्युअरइतका गुळगुळीत सहसा होत नाही आणि त्याची चमक लवकर उतरते. रुग्णाला ही गोष्ट आधीच सांगणे डॉक्टरांचे काम आहे, आणि डॉक्टरांना सांगणे आपले.

दवाखान्यात आणि घरी

अनेक कवळ्यांवर एकाच ठिकाणी, बहुधा कडेला किंवा फ्रीनमजवळ, नखाएवढा खरखरीत डाग असतो. तिथे टोचत होते म्हणून डॉक्टरांनी बर फिरवला आणि कवळी तशीच परत दिली, असे ते असते. गर्दीच्या ओपीडीत हे घडते हे मला समजते. पण जाड, मध्यम आणि बारीक असे सिलिकॉनचे तीन रबर पॉइंट कमी वेगावर क्रमाने फिरवले आणि शेवटी थोडी पॉलिश पेस्ट घेतली, तर तीन-चार मिनिटांत ती जागा सुधारते. लॅबमधील प्युमिस आणि बफ यांची बरोबरी त्याला सहसा येत नाही. तरी बरने कापून सोडलेल्या जागेपेक्षा ते कितीतरी बरे. हिरडीकडच्या बाजूला मात्र प्युमिस लावायचा नाही, कारण तिथला आकार बदलला की पकड जाते. त्या बाजूला कापसाचा बोळा फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे प्लास्टरच्या बुडबुड्यातून आलेली गाठ असते, आणि तेवढीच टिपून काढावी.

रुग्णाला विचारण्याचे प्रश्न थोडे पण नेमके असावेत. कवळी कशाने घासता? साध्या टूथपेस्टमधील अपघर्षक दातांच्या एनॅमलसाठी चालतात, पण अ‍ॅक्रिलिक एनॅमलपेक्षा कितीतरी मऊ आहे आणि त्यावर रोज ओरखडे पडतात. राखुंडी आणि मिश्री त्याहून वाईट. ग्रामीण महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या आज्या कवळी बसल्यावरही हिरड्यांना मिश्री लावतात, आणि अनेकदा त्याच बोटाने कवळीही घासतात. त्यात तंबाखूही असतो आणि घासणारे कणही. हे त्यांना रागावून विचारले तर त्या सांगत नाहीत. कवळी उकळत्या पाण्यात टाकता का, हेही विचारावे, कारण गरम पाण्याने स्वच्छ होते या समजुतीने अनेक जण तसे करतात, आणि कवळी पांढरट पडून वाकते. कपड्यांच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवल्याने गुलाबी रंग उडतो. साधा साबण, मऊ ब्रश, आतली आणि बाहेरची बाजू, आणि रात्री गार पाण्यात ठेवणे, एवढे पुरते.

पुन्हा पॉलिशसाठी आलेल्या कवळीसोबत परत जाणाऱ्या कार्डावर आम्ही आता चार गोष्टी लिहितो: साबणाने धुतल्यावर काय दिसले, दोष कोणत्या जागी होता, तो कोणत्या पायरीत निर्माण झाला असावा, आणि ही कवळी याआधी किती वेळा पॉलिश झाली आहे. तिसऱ्यांदा आलेली कवळी सच्छिद्र असेल तर आम्ही ती बफवर धरत नाही. बेस बदलून द्यावा असे लिहितो, आणि दोष आमच्या पॅकिंगचा असेल तर त्याचे पैसे घेत नाही.